बांगलादेश खरंच बुडतोय का? मग तिथे नवीन जमीन कुठून येतेय?

कोपऱ्यातला_बाबा

मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा, घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाहीये.

लेक नववीत आहे. तिला प्रोजेक्ट आलाय, हवामान बदलाचा एखाद्या उष्ण कटिबंधातल्या विकसनशील देशावर काय परिणाम होतोय ते लिहा. तिने बांगलादेश घेतला. मॅपची प्रिंट काढली, खालचा सगळा भाग निळ्या स्केचपेनने रंगवला आणि खाली लिहिलं 'समुद्र १ मीटर वाढला की १७ टक्के देश पाण्याखाली'. हा १७ टक्क्यांचा आकडा तुम्हीही कुठे ना कुठे वाचलाच असेल, प्रत्येक व्हिडिओत असतो.

आता मला गप्प बसवलं नाही. मी म्हटलं अगं पण मी कुठेतरी वाचलंय की सॅटेलाइटचे जुने-नवे फोटो ताडून बघितले तर बांगलादेशची जमीन दर वर्षी साधारण २० चौरस किलोमीटरने वाढतेय, म्हणजे जाते त्यापेक्षा येते जास्त. झालं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाबा, मग बुडतोय की वाढतोय? नक्की एक काय ते सांगा." माझी बोलती बंद.

नेटवर शोधलं तर एक गट म्हणतो देश संपला, दुसरा गट म्हणतो सगळं थोतांड आहे, जमीन वाढतेय बघा. दोन्हीकडे आकडे आहेत. मला भांडण नकोय, मला फक्त तिला समजावता येईल असं काहीतरी हवंय. सोमवारी सबमिट करायचंय.

गाळपेर

बाबा, दोन्ही खरं आहे आणि दोन्हीमुळे फसायला होतं, थोडं सविस्तर लिहितो.

बांगलादेश हा मुळात गाळाचा देश आहे. गंगा (तिथे तिला पद्मा म्हणतात), ब्रह्मपुत्रा (तिथे तिला जमुना म्हणतात) आणि मेघना या तिघी मिळून वर्षाला अंदाजे १०० कोटी टन गाळ खाली आणतात. तो मेघनेच्या मुखाशी बसतो आणि तिथे नवीन बेटं वर येतात, त्यांना तिकडे चर म्हणतात. भासान चर नाव ऐकलं असेल, रोहिंग्या निर्वासितांना २०२० च्या डिसेंबरपासून जिथे नेऊन ठेवायला सुरुवात झाली ते. ते बेट २००६ च्या सुमारास पाण्यातून वर आलं, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठं असेल. तर हो, जमीन येते.

पण जाते तीही तिथेच. जमुना आणि पद्मा दर पावसाळ्यात काठ खातात. २०१८ मध्ये शरियतपूर जिल्ह्यात नडिया नावाच्या ठिकाणी पद्मेने बाजार, पक्की घरं, एवढंच काय सरकारी हॉस्पिटलची इमारतसुद्धा गिळली. ज्याचं घर नडियात गेलं त्याला मेघनेच्या मुखाशी आलेला चर मिळत नाही. तो चर आधी नुसता चिखल असतो, मग त्यावर गवत येतं, वनखातं खारफुटी लावतं, पीक घेण्याजोगा व्हायला वीसेक वर्षं सहज जातात, आणि तोवर कोण्यातरी दांडग्या माणसाने त्यावर हक्क सांगितलेला असतो. त्यामुळे देशाच्या वहीत जमा-खर्च जुळतो, माणसाच्या वहीत जुळत नाही. तुमचे ते २० चौरस किलोमीटर म्हणजे ही वजाबाकी करून उरलेली शिल्लक आहे, त्यावर थोतांडवाल्यांनी नाचू नये.

अवांतर: एक बेट आपल्या आणि त्यांच्या भांडणातलंही होतं. १९७० च्या वादळानंतर सुंदरबनच्या तोंडाशी दिसलं, आपण न्यू मूर म्हणायचो, ते दक्षिण तालपट्टी म्हणायचे. १९८१ मध्ये आपलं नौदलाचं जहाज जाऊन झेंडा लावून आलं. आणि २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या समुद्र-अभ्यासकांनी सांगितलं की बेट पाण्याखाली गेलं. आता बसा भांडत.

आता बुडण्याचं. समुद्र जगभर सरासरी वर्षाला साडेतीन-चार मिलिमीटरने चढतोय. ऐकायला काहीच नाही. पण तिथे खालून जमीनही खचतेय, कारण ताजा गाळ स्वतःच्याच वजनाने दबत असतो. पूर्वी ते चालून जायचं, दर पुरात वरून नवा गाळ पडायचा आणि हिशोब पुरा व्हायचा. १९६० च्या दशकात तिथे परदेशी सल्ल्याने किनाऱ्याभोवती मातीचे मोठे बांध घातले, असे १३९ बांधबंदिस्त तुकडे आहेत, पोल्डर म्हणतात. आपल्या कोकणातल्या खारबांधासारखीच कल्पना, फक्त अवाढव्य. खारं पाणी अडलं, भात पिकायला लागलं, वीसेक वर्षं लोक खूष होते. पण बांधाने पाण्याबरोबर गाळही अडवला. आतली जमीन दबत गेली आणि भर पडेना, बाहेर नदीच्या पात्रात मात्र गाळ साठून तळ वर आला. आज काही पोल्डरमधली शेतं शेजारच्या सुंदरबनच्या जमिनीपेक्षा एक ते दीड मीटर खाली आहेत. बाजूलाच जंगल आहे, त्याला बांध नाही, ते भरतीबरोबर गाळ घेतं आणि वर येत राहतं. हे मला तरी सगळ्यात जास्त चटका लावणारं वाटतं.

म्हणजे लेकीला असं सांगा की देश बशीसारखा सरळ खाली जात नाहीये. कडेला वाट्या आहेत, वाट्यांच्या बाहेर पाणी वर चढतंय आणि वाटी फुटली की आत शिरलेलं पाणी परत बाहेर जात नाही.

उलटतपासणी

गाळपेर साहेब, तुम्हीच माझा मुद्दा मांडलात, आभार. बांध माणसाने घातले. यात हवामान बदल कुठे आला?

पुढे मी सांगतो. नैऋत्येकडच्या खुलना, सातखिरा, बागेरहाट या जिल्ह्यांत खारं पाणी घुसतं याचं मोठं कारण उन्हाळ्यात नदीत गोडं पाणीच नाही हे आहे. गंगेतून तिकडे पाणी नेणारी गोराई नदी हिवाळा संपता संपता कोरडी पडायला लागते, आणि वर आपण १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू केला. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की समुद्र आत येणारच. त्यात १९८० नंतर कोळंबीचा धंदा आला. एक्स्पोर्टचा पैसा. मोठ्या लोकांनी बांधाला भोकं पाडून मुद्दाम खारं पाणी आत घेतलं, भाताच्या शेतांची कोळंबीची तळी केली. शेजारच्याचं भात मेलं, तळी खारट झाली, झाडं वाळली. विरोध करणाऱ्यांना मारझोड झाली. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये २२ नंबरच्या पोल्डरमध्ये करुणामयी सरदार नावाची बाई कोळंबीवाल्यांच्या विरोधातल्या मोर्चात पुढे होती, तिला गोळी घालून मारलं. तिला कार्बन डायऑक्साइडने नाही मारलं.

सगळं हवामान बदलाच्या खात्यावर टाकलं की बंधारावाले, कोळंबीवाले, सल्लागार सगळे सुटतात, आणि वर जागतिक निधी मागता येतो. माझा राग त्याच्यावर आहे. समुद्र चढत नाही असं मी म्हणत नाहीये.

गाळपेर

उलटतपासणी, नव्वद टक्के मान्य. करुणामयीचं सांगितलंत ते बरं केलंत, तो पोल्डर नंतर कोळंबीमुक्तच राहिला असं वाचलंय आणि आजूबाजूच्या पट्ट्यापेक्षा हिरवा दिसतो.

उरलेले दहा टक्के असे की हे वेगवेगळे आजार नाहीत. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक पोतं टाकलं तर तो पडतो, मग पहिल्या पोत्याने पडला की दुसऱ्या हा वाद घालता येतो, पण पोतं टाकणाऱ्याला त्याने सूट मिळत नाही. फराक्कामुळे नदीचा रेटा कमी, पोल्डरमुळे जमीन खाली आणि खाड्या आवळल्यामुळे भरती पूर्वीपेक्षा उंच. या अवस्थेत समुद्राची वीतभर वाढ जे करेल ते धडधाकट खोऱ्यात करणार नाही. तिथल्या मृदा संस्थेच्या मोजणीत १९७३ ला ८.३३ लाख हेक्टर जमीन खारट होती, २००९ ला १०.५६ लाख. यातलं किती कोणाच्या नावावर टाकायचं ते कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

आणि निधीचं म्हणाल तर बांगलादेशने २००९-१० पासून स्वतःच्या बजेटमधून हवामान निधी काढला, बाहेरच्या पैशाची वाट न बघता. त्यातल्या कामांवर तिथलेच लोक बोंब मारत असतात तो भाग वेगळा. जगाच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही, माणसं मात्र १७ कोटी. नुकसानभरपाईच्या निधीवर २०२२ मध्ये शर्म अल शेखला कसंबसं एकमत झालं, त्यासाठी अशा देशांनी तीसेक वर्षं दार वाजवलं होतं. मागू दे की, त्यात वावगं काय.

ढाका_रिटर्न

धागा बघून राहवलं नाही. मी गारमेंट लाइनमध्ये होतो, चार वर्षं ढाक्यात काढली, आकडे तुमच्याइतके नाहीत पण माणसं बघितली.

तिथे मीरपूर भागात एक झोपडपट्टी आहे, तिचं नावच भोला बस्ती. भोला हे दक्षिणेतलं बेट. १९७० च्या वादळात आणि नंतर नदीने जमीन खाल्ल्यावर जे आले त्यांची वस्ती. म्हणजे क्लायमेट रेफ्युजी हा शब्द नव्हता तेव्हापासून हे चाललंय. रिक्षावाल्याला गाव विचारा, बरिशाल, भोला, नाहीतर उत्तरेकडचं कुडीग्राम, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "नदी भाँगा", नदीने मोडलं. एवढ्यातच सगळं येतं, तो पुढे काही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आमच्या फ्लोअरवर एक बाई होती, सातखिऱ्याच्या गाबुरा बाजूची. २५ मे २००९ ला आयला वादळ आलं तेव्हा तिचं लग्न नुकतं झालेलं. मला वाटायचं वादळाची गोष्ट म्हणजे रात्र, वारा, उडालेले पत्रे असं काहीतरी सांगेल. ती वादळाबद्दल दोन वाक्यं बोलली. बाकी सगळं नंतरचं. बांध फुटला तो बांधायला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं घरात दिवसातून दोनदा भरती. लोक बांधावरच झोपड्या घालून राहिले कारण तेवढीच जागा कोरडी. चारी बाजूंनी पाणी आणि पिण्याला थेंब नाही. ती लोना पानी म्हणायची. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो ना, तोच शब्द. ती म्हणाली आमच्या गावाला लोणा लागला. पोपडे पडतात तशी माणसं गळत गेली, आधी पुरुष वीटभट्टीवर, मग बायका ढाक्याला.

आयलात तिकडे मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या आत आहे, वाचायला काहीच नाही. म्हणून त्याची बातमी लवकर संपली.

बाबा, तुमच्या लेकीच्या मॅपमध्ये निळा रंग आहे म्हणालात ना. पाणी शिरणं हा तिथल्या माणसाला नवीन प्रकार नाही हो, पुराला ते भीत नाहीत, साध्या पावसाळी पुराला तर त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे, बर्षा, आणि नासधूस करणारा पूर म्हणजे बोन्ना. पहिला आला नाही तर काळजी करतात. मीठ ही गोष्ट वेगळी आहे.

मी_फक्त_वाचतो

हे सगळे मग भारतात येतात त्याचं काय? त्यावर कोणी बोलत नाही.

ढाका_रिटर्न

बोलतो की. ज्याचं घर नदीत गेलं त्याच्याकडे सीमा ओलांडायला पैसे, ओळख, दलाल यातलं काय असतं? तो आधी शेजारच्या बांधावर जातो, मग तालुक्याला, मग खुलना, चट्टग्राम किंवा ढाका. वर्ल्ड बँकेचा २०२१ चा अंदाज आहे ना, वाईटात वाईट धरलं तर २०५० पर्यंत १.९९ कोटी माणसं हलतील, तो देशातल्या देशात हलण्याचाच आहे. कोणीच येत नाही असं म्हणत नाही, पण मुख्य लोंढा ढाक्याकडे आहे. आणि त्या शहरात आधीच मुंगी शिरायला जागा नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये उष्णतेमुळे देशभरच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पत्र्याच्या खोलीत सहा माणसं असली की काय होत असेल बघा. २०२३ ला डेंगीने १७०५ माणसं गेली, हॉस्पिटलात भरती झालेले ३ लाखांच्या वर. त्याला सगळं हवामान कारण नाही, तुंबलेली गटारं आहेत, पण पाऊस लांबला आणि उकाडा वाढला की डासाची चंगळच.

बाकी या विषयावर राजकारण करायचं असेल तर वेगळा धागा काढा प्लीज, इथे एका मुलीचा प्रोजेक्ट आहे.

सुईणमावशी

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात नोकरी झाली, आता रिटायर.

मीठ म्हटलं म्हणून. खुलना जिल्ह्यात दाकोप म्हणून तालुका आहे तिथल्या गरोदर बायकांचा अभ्यास झालाय, आमच्या एका ट्रेनिंगमध्ये सांगितला होता तेव्हापासून डोक्यात राहिलाय. या बायका विहिरी-तळ्यांचं जे पाणी पितात त्यातूनच पोटात इतकं मीठ जातं की आपण पेशंटला दिवसभरात जेवणातून घ्यायला सांगतो त्याहून जास्त. आणि ज्यांच्या पाण्यात मीठ जास्त त्यांच्यात गरोदरपणातला रक्तदाब आणि झटक्यांच्या आधीची अवस्था जास्त. कोरड्या ऋतूत प्रमाण वाढतं, पावसाळ्यात उतरतं. आम्ही आपलं बीपी वाढलं की सांगतो पापड-लोणचं बंद, मीठ कमी करा ताई. तिला काय सांगायचं, पाणी बंद कर?

आणि हातपंप मारावा म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी तिथल्या पाण्यात आर्सेनिक निघतं, किनाऱ्याकडे खारं निघतं. मग उरलं पागोळीचं पाणी. ज्याच्या घरावर पत्रा आणि दारात मोठी टाकी त्याला सात-आठ महिने पुरतं, ज्याच्या घरावर पाचट त्याची बाई हंडा घेऊन मैलभर जाते. मचूळ पाण्याला चव लागते म्हणून लोक बोलतात, त्याने आत काय होतं ते दिसत नाही ना. प्रोजेक्टमध्ये हे लिहायला सांगा मुलीला, रडका फोटो चिकटवण्यापेक्षा बरं.

उलटतपासणी

मावशी, हे माहीत नव्हतं. माझा मुद्दा मागे घेत नाही पण गप्प बसलो.

गाळपेर

सुईणमावशी, दंडवत.

मी एक राहिलेलं सांगतो कारण आतापर्यंत सगळं रडगाणंच झालंय आणि ते पूर्ण खरं नाही. वादळात माणसं वाचवण्यात या देशाने जे केलंय ते भल्याभल्यांना जमलेलं नाही.

१९७० चं भोला वादळ, १२ नोव्हेंबर, किमान ३ लाख माणसं गेली, खरा आकडा कोणालाच माहीत नाही. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता, सरकारने मदतीत जो ढिसाळपणा केला त्याचा राग डिसेंबरच्या निवडणुकीत निघाला आणि पुढचं वर्ष १९७१. १९९१ ला पुन्हा तसंच वादळ, १ लाख ३८ हजार. २००७ ला सिद्र, तेही जबरदस्त, साडेतीन हजारांच्या आत. २०२० ला अम्फान आलं तेव्हा कोविड चालू असताना २४ लाख लोक हलवले, मृत्यू पंचवीस-तीसच्या आसपास.

हे काही जादूने झालं नाही. १९७२-७३ पासून स्वयंसेवकांची फौज उभी केली, आज ७६ हजारांवर आहेत, त्यात निम्म्या बायका. सायकलवर भोंगा घेऊन गल्लीत फिरतात, झेंडे लावतात, हाताने फिरवायचा सायरन. बायका का, तर १९९१ ला बायका जास्त मेल्या होत्या, पुरुष येऊन सांगेपर्यंत घरात थांबल्या म्हणून, बाईला बाईने सांगितलं तर निघते. निवारे खांबांवर बांधलेत आणि एरवी त्यात शाळा भरते, म्हणून ते पडीक राहत नाहीत. आणि लोक निघत का नव्हते तर गाय सोडून कसं जायचं, मग गुरांसाठी मातीचे उंच टेकाड बांधले, त्याला मुजिब किल्ला म्हणतात. मला हा तपशील फार आवडतो, माणसाला वाचवायचं तर आधी त्याच्या गायीची सोय करावी लागते हे कोणीतरी सरकारी कागदावर मान्य केलं.

तर हलवायचं कसं ते जमलं. परतल्यावर राहायचं कसं ते अजून जमत नाहीये, कारण मिठाला सायरन नसतो.

भातखाचर

भाताच्या संशोधनात उमेदवारी केली आहे थोडी, म्हणून दोन शब्द. पूर आणि मीठ या दोन वेगळ्या भानगडी आहेत, भातसुद्धा वेगवेगळे लागतात. पुराखाली पंधरा दिवस बुडून राहिलं तरी परत उभं राहणारं भात आलंय, त्यात सब-१ नावाचा जनुक आहे, ओडिशातल्या एका जुन्या वाणातून घेतलेला. बांगलादेशच्या भात संशोधन संस्थेने २०१० मध्ये ब्री धान ५१ आणि ५२ काढले ते त्यावरचे. बुडालं की साधं भात जीव खाऊन उंच वाढायला बघतं, पाण्याबाहेर डोकं काढायला, आणि त्यात सगळी शिदोरी संपवून मरतं. हे भात शांत बसतं, वाढ थांबवतं, पाणी उतरेपर्यंत दम धरतं.

खाऱ्या जमिनीसाठी ब्री धान ४७, ६७ वगैरे. ते चालतात पण एका मर्यादेपर्यंत, मीठ फार वाढलं की कोणताच वाण टिकत नाही, वाणाच्या भरवशावर बांध दुरुस्त करायचा सोडू नये एवढंच माझं म्हणणं. दाकोपलाच शेतकऱ्यांनी हिवाळ्यात कलिंगडं लावायला सुरुवात केली, पावसाळ्यात मीठ धुऊन गेलं की भात आणि नंतर मीठ वर यायच्या आत कलिंगड काढून मोकळं. पण त्याला शेवटी शेवटी गोडं पाणी लागतं आणि घोडं तिथेच अडतं.

ईशान्येकडे अजून वेगळं. सुनामगंज बाजूला हाओर म्हणतात ते मोठे पाणथळ वाडगे आहेत, वर्षाला एकच पीक, बोरो भात, एप्रिलच्या शेवटी कापायचं. २०१७ ला मेघालयातून पुराचा लोंढा मार्चअखेरीलाच उतरला, भात हिरवं असताना. वर्षाचं धान्य आठवड्यात गेलं. तिथे पाऊस किती पडला यापेक्षा तीन आठवडे आधी पडला हेच भोवलं.

तरंगती शेती मात्र शाळेच्या प्रोजेक्टला भारी दिसते. पिरोजपूर, गोपालगंजकडे जलपर्णीचे लांब वाफे पाण्यावर करतात आणि त्यावर रोपं, भाज्या. एनजीओंनी शोधलेलं नाही, जुनी पद्धत आहे. पण त्याचे फोटो बघून 'सापडला उपाय' म्हणू नका, जलपर्णी गोड्या पाण्यातच वाढते.

गाळपेर

भातखाचर, गाळाचंही सांगा ना लोकांनी स्वतः काय केलं ते. असो, मीच सांगतो. पोल्डरमध्ये पाणी तुंबून शेती बुडायला लागली, अर्ज-विनंत्या झाल्या, कोणी ऐकेना, तेव्हा खुलना-जशोरच्या लोकांनी बांध स्वतःच फोडले. १९९० ला डाकातिया बिल, १९९७ ला भायना बिल. बिल म्हणजे खोलगट पाणथळ. भरतीचं गढूळ पाणी आत घेतलं, तीन-चार वर्षांत गाळ बसून जमीन वर आली, बाहेर नदीही आपोआप खोल झाली. आधी सरकार म्हणालं बेकायदा, नंतर तीच पद्धत इंग्रजी नाव देऊन सरकारी योजना झाली. घोळ एवढाच की ज्याचं शेत तेवढी वर्षं पाण्याखाली त्याने खायचं काय, भरपाई मिळते कागदावर, म्हणून पुढच्या ठिकाणी लोक तयार होत नाहीत.

आयलानंतर जे पोल्डर दोन वर्षं उघडे राहिले त्यांच्या शेतांतही फूटभर गाळ बसला होता, मोजलाय. ढाका_रिटर्नच्या त्या बाईला हे सांगायची माझी छाती होणार नाही.

ढाका_रिटर्न

नकाच सांगू.

कोपऱ्यातला_बाबा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल रात्री लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. अर्ध्यात पेंगेल वाटलं पण मुजिब किल्ल्याला उठून बसली, तो चित्र काढून टाकणार आहे, गायीसकट.

निळा मॅप तिने टाकून दिला. नवीन प्रिंटवर मेघनेच्या तोंडाशी हिरवे ठिपके, नदीकाठाला लाल रेघा, हाओरला एप्रिलचं कॅलेंडर. सुईणमावशींचा हंडा पण आहे. १७ टक्के खोडलं नाही, पुढे प्रश्नचिन्ह केलंय, बाई मार्क कापतील ही भीती मला आहे, तिला नाही.

आता फक्त एक अडलंय. मीठ दाखवायला पांढरा रंग पाहिजे म्हणते आणि पांढऱ्या कागदावर पांढरं दिसत नाही. काय करावं?

सुईणमावशी

खरं मीठच चिकटवा डिंकाने, जाडं घ्या, खडे दिसतील.

भातखाचर

मावशी, हवा दमट आहे, पाणी सुटून कागद भिजेल. सोमवारी सकाळीच चिकटवा म्हणावं.